कुऱ्हाडीला नवा दांडा घेताना लाकडाची शीर कशी वाचायची

कुऱ्हाडीचा दांडा मोडला की आपण तुकडे बाजूला टाकतो आणि नवा आणायला निघतो. त्याआधी तो मोडका तुकडा एकदा उजेडात धरून पाहा. नवा दांडा निवडताना काय टाळायचे, हे त्या तुटलेल्या टोकावर बऱ्यापैकी स्पष्ट दिसते.

मोड लांबलचक असेल, वीतभर लांबीच्या काड्या उभ्या निघाल्या असतील, तर लाकूड चांगले होते. त्याला सोसवेल त्यापेक्षा जास्त मार बसला, एवढेच. नेम चुकून पात्याऐवजी दांडाच पुन्हा पुन्हा ओंडक्यावर आपटला की असे होते, आणि तेव्हा मोड बहुधा पात्याच्या लगेच खाली, मानेशी सापडते. मोड तिरपी असेल, एका कडेला सुरू होऊन लांब उतरत दुसऱ्या कडेला बाहेर पडली असेल, तर लाकडाची शीरच, म्हणजे आतल्या तंतूंची दिशाच, तिरपी होती. तो दांडा पहिल्या दिवसापासून कच्चा होता. आणि मोड आखूड, जवळजवळ आडवी, काड्या न निघता कटकन झालेली असेल, तर लाकूड ठिसूळ होते: कुजू लागलेले, वजनाला हलके, किंवा मुळात दांड्याच्या जातीचेच नसलेले.

पहिल्या मोडीत दोष हाताचा. बाकीच्या दोन्हींत दोष निवडीचा, आणि तो विकत घेतानाच दिसू शकला असता. गुळगुळीत पॉलिश, सुंदर बाक, चकचकीत लेबल या कशाचाही दांड्याच्या ताकदीशी संबंध नाही. संबंध आहे तो लाकडाच्या तंतूंशी: ते मानेपासून मुठीपर्यंत अखंड गेले आहेत की वाटेतच कापले गेले आहेत.

तिरपी शीर म्हणजे नेमके काय

लाकूड हे लांब, पोकळ, अतिशय बारीक पेशींनी बनलेले असते आणि या पेशी बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेने लागलेल्या असतात. काड्यांची घट्ट बांधलेली जुडी डोळ्यांसमोर आणा. काड्या लांबीच्या दिशेने ओढून तुटत नाहीत, पण एकमेकींपासून सुट्या सहज होतात. लाकडाचेही तसेच आहे. तंतूंच्या दिशेने ते कमालीचे बळकट आणि आडव्या दिशेने कित्येक पटींनी कमजोर. म्हणून तर सरळ शिरेचा ओंडका एका घावात उभा फुटतो, पण आडवा तोडायला घाम निघतो.

आता दांडा तयार कसा होतो ते पाहू. लाकूड पाचरीने उभे फोडून दांडा घडवला, तर फूट आपोआप तंतूंच्या वाटेने जाते आणि तंतू टोकापासून टोकापर्यंत राहतात. करवतीला मात्र तंतूंशी देणेघेणे नसते. ती आखलेल्या रेषेवरून जाते. खोड जरासे वाकडे असेल, फळी जराशी तिरकी धरली असेल, तर तंतू दांड्याच्या एका बाजूने आत शिरतात आणि थोड्या अंतरावर दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. वरून दांडा सरळसोट दिसतो, आतले तंतू तुकड्यातुकड्यांत कापलेले असतात. घावाचा धक्का बसला की हे तुकडे एकमेकांवरून सुटतात आणि दांडा तिरपा चिरत जातो.

हे नुकसान किती मोठे असते याची मोजमापे उपलब्ध आहेत. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात १९१०पासून काम करणाऱ्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी या सरकारी प्रयोगशाळेने शिरेचा तिरपेपणा आणि ताकद यांचा हिशेब मांडून ठेवला आहे. तिरपेपणा मोजतात तो उतार म्हणून. २० सेंटिमीटर लांबीत शीर १ सेंटिमीटर सरकली तर उतार १:२०. पूर्ण सरळ शिरेच्या लाकडाची धक्का सोसण्याची ताकद १०० धरली, तर १:२० उताराला ती साधारण ९० उरते. १:१५ला ८१. १:१०ला थेट ६२. आणि १:५ला फक्त ३६.

इथे आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. १:१० उताराला धक्का सोसण्याची ताकद तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटते, पण लाकडाचा ताठरपणा मात्र त्या मानाने थोडाच कमी होतो. म्हणजे दांडा गुडघ्यावर टेकवून दोन्ही हातांनी वाकवून पाहिला, तर वाईट दांडाही चांगल्याइतकाच ताठ वाटणार. ही परीक्षा सगळेच करतात आणि तिच्यातून कळायला हवे ते कळतच नाही. हातापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा.

दांडा कसा पाहायचा

दांड्याला चार अंगे असतात. धारेच्या बाजूचे पुढचे, त्याच्या उलटे मागचे, आणि डावी-उजवी अशी दोन रुंद अंगे. चारही पाहायची. खिडकीजवळ जा, उजेड तिरका पडू द्या.

आधी पुढची आणि मागची कड. वाढीची वलये नेहमीच्या चांगल्या मांडणीत असतील तर या अरुंद कडांवर लांबच लांब समांतर रेषा दिसतात. त्यातली एक रेष पकडा. मानेशी जिथे दिसते तिथे बोट ठेवा आणि तिच्यावरून खाली सरकत जा. रेष मुठीपर्यंत कडेवरच राहिली तर उत्तम. वाटेत बाजूला सरकत दांड्याबाहेर निघून गेली, तर किती अंतरात गेली ते पाहा. दांड्याची जाडी अडीच सेंटिमीटर धरली, तर एका बाजूला सुरू झालेली रेष ५० सेंटिमीटरवर दुसऱ्या बाजूला बाहेर पडणे म्हणजे १:२०. हे चालेल. २५ सेंटिमीटरवरच बाहेर पडली तर १:१०, आणि तो दांडा खाली ठेवा, बाकी सगळे कितीही छान असले तरी.

मग रुंद अंगे. इथे रेषा एकमेकींत मिसळून टोकदार कमानी किंवा लांबट अंडाकृती ठसे दिसतात. प्रत्येक कमानीच्या टोकाशी एक वलय दांड्याच्या पृष्ठभागाबाहेर पडलेले असते. एखाददुसरी लांब, निमुळती कमान असेल तर घाबरायचे कारण नाही. आखूड, बोथट कमानींची रांगच्या रांग असेल, विशेषतः मानेपासून पहिल्या वीतभरात, तर शीर झपाट्याने बाहेर पडते आहे.

पण वलयांच्या रेषा सगळे सांगत नाहीत, आणि इथेच अनुभवी माणूसही फसतो. काही झाडांचे तंतू खोडाभोवती पिळासारखे चढत जातात. अशा लाकडात वलये अगदी सरळ दिसतात आणि तंतू मात्र तिरपे असतात. ते पकडायचे तर रुंद अंगावरच्या बारीक ओरखड्यांसारख्या छिद्ररेषा पाहाव्या लागतात. भिंग असेल तर सोपे. या छोट्या रेषा दांड्याला समांतर हव्यात. पुढच्या कडेकडे किंवा मागच्या कडेकडे झुकलेल्या असतील तर तोही तिरपेपणाच. शंका राहिली तर जिथे पॉलिश नाही अशा जागी पातळ शाईचा एक थेंब टाका. शाई तंतूंच्या वाटेने पसरते आणि खरी दिशा दाखवते. लाकूड वाळताना पडलेली केसासारखी चीरही तेच दाखवते, कारण चीर नेहमी तंतूंच्या मधूनच जाते.

तिरपेपणा कुठे आहे यावरही बरेच अवलंबून असते. मान आणि तिच्याखालचा बारीक भाग हा दांड्याचा सर्वांत नाजूक टापू. तिथे शीर सरळ हवी म्हणजे हवीच. बाकदार दांड्यात तळाच्या फुगीर टोकाशी तंतू थोडे कापले जाणार, कारण सरळ फळीतून वाकडा आकार काढल्यावर दुसरे काही होऊच शकत नाही. तो भाग जाड असतो, मूठ घट्ट राहावी एवढेच त्याचे काम, तेव्हा तेवढे चालवून घ्यायचे. माझे स्वतःचे मत विचाराल तर पहिल्यांदा दांडा बदलणाऱ्याने सरळ दांडाच घ्यावा. बाकदार दांडा हातात छान बसतो हे खरे, पण त्यात सरळ शीर सापडणे कठीण जाते आणि पारखायलाही नजर तयार लागते. दुधारी कुऱ्हाडीला तर सरळ दांडाच लागतो, कारण ती दोन्ही अंगांनी वापरायची असते.

गाठींबद्दल थोडक्यात: मानेत आणि नेढ्यात, म्हणजे पात्याच्या ज्या भोकात दांडा बसतो तिथे, एकही गाठ नको, टाचणीएवढीही नको. गाठीभोवती तंतू वळसा घेऊन जातात आणि तेवढ्यापुरती शीर तिरपी होते. मुठीजवळच्या जाड भागात एखादी लहान, घट्ट गाठ असली तर अडत नाही. बारीक गोल छिद्रे आणि त्यातून पडणारी पिठासारखी भुकटी दिसली, तर भुंगा लागला आहे. असा दांडा घरातही आणू नका.

वलये उभी की आडवी

दांडा तळाकडून पाहिला की वाढीच्या वलयांच्या रेषा दिसतात. जुना नियम असा की या रेषा घावाच्या दिशेला समांतर, म्हणजे पात्याच्या ओळीत उभ्या असाव्यात. आडव्या असतील तर दांडा घेऊ नये. बरेच जण हीच एक गोष्ट पाहतात आणि समाधानाने दांडा घेऊन जातात.

नियम वाईट नाही, पण त्याला नको तेवढे महत्त्व मिळाले आहे. तळाकडचा छेद फक्त त्या एका जागची वलये दाखवतो. पुढच्या ८० सेंटिमीटरमध्ये शीर कुठे जाते हे तो सांगत नाही. वलये अगदी उभी आणि शीर १:१० तिरपी, असा दांडा मोडणार. वलये आडवी पण तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड, असा दांडा वर्षानुवर्षे टिकू शकतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी शिरेची सरळता, आणि दोन दांडे त्या बाबतीत सारखे उतरले तर मग उभ्या वलयांचा निवडा. ४५ अंशांपर्यंत तिरकी असली तरी मी तक्रार करणार नाही.

वलयांची रुंदी हा वेगळा विषय आहे आणि त्यात बहुतेकांची समजूत उलटी असते. बारीक, दाट वलये म्हणजे हळू वाढलेले, म्हणून मजबूत लाकूड, असे आपल्याला वाटते. परदेशात दांड्यांना वापरतात त्या हिकरी, ॲश, ओक या झाडांच्या बाबतीत ते खोटे आहे. या झाडांत वसंतात मोठ्या छिद्रांचा एक सच्छिद्र पट्टा तयार होतो आणि उन्हाळ्यात त्यावर घट्ट, जड लाकूड चढते. सच्छिद्र पट्ट्याची रुंदी दरवर्षी साधारण तेवढीच राहते. झाड जोमाने वाढले तर घट्ट लाकडाचा वाटा वाढतो, उपाशी राहिले तर छिद्रेच छिद्रे उरतात. म्हणून या जातींत मोकळी, रुंद वलये चांगली. छेदावर एका इंचात २०हून जास्त वलये मोजता आली, तर लाकूड हलके आणि ठिसूळ निघण्याची शक्यता असते. उष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांत मात्र वलये धड दिसतच नाहीत. तिथे हा नियम लावायला जाऊ नका, वजनावर जा.

वजन हा खरोखर चांगला निकष आहे. एकाच जातीचे, एकाच मापाचे, सारखेच वाळलेले दोन दांडे असतील तर जड तो घ्या. घनता आणि धक्का सोसण्याची ताकद बहुधा बरोबरीने चालतात. दांडा कठीण जमिनीवर उभा हलकेच आपटला तर निकोप लाकूड खणखणीत वाजते. कुजलेले किंवा आतून चिरलेले बद्द आवाज देते.

रंगाबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करतो. हिकरीच्या दांड्यांत पांढरा म्हणजे उत्तम आणि तांबूस म्हणजे दुय्यम, अशी प्रतवारी फार जुनी आहे. पांढरे ते खोडाच्या बाहेरच्या थरातले, तांबूस ते गाभ्यातले. मॅडिसनच्या त्याच प्रयोगशाळेने तपासले तेव्हा सारख्या वजनाच्या निकोप पांढऱ्या, तांबड्या आणि मिश्र लाकडात ताकदीचा फरक आढळला नाही. पांढऱ्याच्या हट्टापायी सरळ शिरेचा तांबूस दांडा बाजूला सारणे म्हणजे नुकसानच.

कोणत्या झाडाचा

दांड्याच्या लाकडात तीन गुण एकत्र लागतात. ते जड असावे, धक्का गिळावे आणि थोडे लवून परत यावे. फक्त कठीण असून भागत नाही.

जगभर नाव आहे ते उत्तर अमेरिकेतल्या हिकरीचे. घनता घनमीटरला साधारण ८०० किलो आणि धक्का सोसण्यात तिच्या तोडीची व्यापारी लाकडे थोडी. युरोपात तीच जागा ॲशची, हिकरीपेक्षा हलकी पण चांगली लवचिक. जपानमध्ये पांढरा ओक वापरतात. आपल्या ओळखीच्या झाडांत धामण, धावडा, तिवस आणि बाभूळ ही दांड्याची लाकडे. धामण फार लवचिक. धावड्याला इंग्रजीत आसाचे लाकूड म्हणतात, कारण बैलगाडीच्या आसाला ते वापरले जाई, आणि आसाला जे चालते ते दांड्याला चालतेच. बाभूळ जड आणि चिवट, फक्त तिच्यात सरळ, बिनगाठीचा लांब तुकडा शोधावा लागतो.

सागाबद्दल मुद्दाम सांगायला हवे, कारण चांगले लाकूड म्हटले की आधी सागच आठवतो. साग टिकाऊ आहे, वाळल्यावर फारसा फुगत-आकसत नाही, वाळवी त्याला सहसा लागत नाही. दारे-खिडक्यांना यापेक्षा चांगले काय हवे? पण अचानक धक्का बसला की तो वरच्या लाकडांच्या मानाने लवकर मोडतो. तेव्हा कुऱ्हाडीला सागाचा दांडा नको. देवदार, चीड अशी मऊ लाकडेही नकोत.

हिकरी आणि ॲश यांची एक उणीव लक्षात ठेवावी. ओलाव्यात ही लाकडे लवकर कुजतात. बाहेर पावसात पडून राहिलेला हिकरीचा दांडा बाभळीच्या कोरड्या दांड्यापेक्षा कधीही वाईट.

माप, जाडी आणि वरचा थर

दांडा आणण्याआधी नेढ्याची लांबी, रुंदी आणि खोली मोजून घ्या. मापे खालच्या तोंडाशी आणि वरच्या तोंडाशी वेगवेगळी घ्या, कारण बहुतेक कुऱ्हाडींत नेढे दोन्ही तोंडांकडे रुंद आणि मध्ये किंचित अरुंद असते. दांड्याचे वरचे टोक या मापापेक्षा जरासे मोठेच हवे. जास्तीचे लाकूड कानशीने उतरवता येते, कमी पडलेले भरून काढता येत नाही. जुना दांडा काढताना पाते आगीत टाकून लाकूड जाळू नका, तापाने पोलादाचे पाणी उतरते आणि धार मऊ पडते. दांडा पात्याखाली कापा, उरलेल्या लाकडात ड्रिलने भोके पाडा आणि ते खालून वर ठोकून काढा.

लांबीचा ढोबळ हिशेब असा. एका हाताने चालवायच्या हातकुऱ्हाडीला, म्हणजे ६०० ते ९०० ग्रॅमच्या पात्याला, ३० ते ४० सेंटिमीटर. दीड-पावणेदोन किलोच्या झाडतोडीच्या कुऱ्हाडीला ७५ ते ९० सेंटिमीटर. मधल्या वजनाला मधली लांबी. लांब दांड्याने घाव जोरात बसतो, पण नेम राखणे अवघड. शंका असेल तर थोडा लांब घेऊन नंतर तळाकडून कापता येतो.

जाडी हा माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा, कारण हल्लीचे तयार दांडे सर्रास गरजेपेक्षा जाड मिळतात. जाड म्हणजे मजबूत असे वाटते, पण जाड दांडा लवत नाही. प्रत्येक घावाचा झटका सरळ मनगटात आणि कोपरात उतरतो. मुठीत बोटे पूर्ण वळून अंगठ्याशी येत नसतील तर हात लवकर थकतो आणि पकड सुटते. शीर सरळ असेल तर मधला भाग रंध्याने आणि काचकागदाने बारीक करायला अजिबात कचरू नका. मानेशी मात्र हात राखून.

रंग दिलेला दांडा घेऊच नये. रंगाखाली शीर दिसत नाही, आणि बऱ्याचदा ती दिसू नये हाच रंगाचा उपयोग असतो. जाड चकचकीत लॅकरही मला पसंत नाही. शीर त्यातून दिसते खरी, पण घामाने हात चिकटतो, घासला जातो आणि फोड येतात. असा दांडा घेतलाच तर काचेच्या तुकड्याच्या कडेने किंवा स्क्रेपरने लॅकर खरवडून काढा आणि जवसाचे तेल मुरवा. कच्चे तेल वाळायला फार दिवस घेते, म्हणून रंगकामातले बेलतेल, म्हणजे डबल बॉइल्ड जवसाचे तेल बरे. पातळ हात द्या, अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल पुसून काढा, वाळू द्या, पुन्हा द्या. तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कधीही ठेवू नका. वाळताना हे तेल उष्णता सोडते आणि गोळा करून ठेवलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर, एकेक पसरून वाळवा.

ओलावा: पाते ढिले का होते

दांडा सरळ शिरेचा, योग्य जातीचा, हव्या मापाचा मिळाला आणि तरी महिन्याभरात पाते डुगडुगू लागले, तर बहुधा लाकूड ओले होते.

लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ कमी होत नाही, पण रुंदीत बरेच आकसते. हिकरीचे ओले लाकूड पूर्ण शुष्क होईपर्यंत वलयांच्या ओळीत सुमारे १०.५ टक्के आणि वलयांच्या आडव्या दिशेत ७ टक्के आकसते. नेढ्यात बसवताना लाकडात जो ओलावा होता, त्यापेक्षा नंतर ६ टक्के जरी कमी झाला, तरी ५ सेंटिमीटर लांबीच्या नेढ्यात जवळपास १ मिलिमीटर फट पडते. दीड किलोचे पाते निसटायला एवढी फट पुरे.

म्हणून नवा दांडा आणल्या आणल्या बसवू नका. घरात कोरड्या, हवेशीर जागी काही आठवडे राहू द्या. शक्य असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन आठवड्यातून एकदा करा. वजन घटायचे थांबले की लाकूड आसपासच्या हवेशी जुळले. पावसाळी दमट दिवसांत बसवलेला दांडा उन्हाळ्यात ढिला पडतो, पण कोरड्या दिवसांत बसवलेला पावसाळ्यात अधिकच घट्ट होतो. वेळ निवडता आली तर कोरडी निवडा.

ढिले पाते घट्ट करायला कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत सगळीकडे आहे. सकाळी ती घट्ट वाटते हेही खरे. पण आत काय होते ते बघा. लाकूड फुगते, भोवतीचे लोखंड त्याला जागा देत नाही, मग पेशी एकमेकींवर दाबून चेंगरतात. पाणी उडून गेल्यावर चेंगरलेल्या पेशी मूळ आकाराला परत येत नाहीत आणि पाते आधीपेक्षा जास्त ढिले होते. दर खेपेला थोडे अधिक. शिवाय नेढ्यात अडकलेल्या ओलाव्याने कुजणे सुरू होते ते वेगळेच.

बसवणे आणि पाचर

वरच्या टोकाला पाचरीसाठी एक चीर असते. तिची खोली नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश असावी. फार उथळ असेल तर पाचर पुरेशी आत जात नाही. नेढ्याच्या खालच्या तोंडाच्याही खाली गेली असेल तर मान तिथेच फुटते. दांडा निवडतानाच ही चीर पाहून घ्या. ती मधोमध हवी आणि दांड्याच्या लांबीच्या ओळीत हवी.

पाते चढवताना ते जमिनीवर ठेवून वरून दांडा ठोकायचा नाही. दांडा हातात असा लोंबता धरा की पाते खाली राहील, आणि दांड्याच्या तळाच्या टोकावर लाकडी हातोड्याने मारा. पात्याचे वजन जागीच राहू पाहते आणि दांडा त्यात इंचइंच शिरतो. दोन-चार ठोक्यांनंतर काढून पाहा. जिथे लोखंड घासून काळे डाग पडले असतील तिथेच कानस चालवा, इतरत्र नको, आणि पुन्हा चढवा. याला वेळ लागतो. पण नीट बसलेला दांडा पाचर न ठोकताही हलत नाही, पाचर फक्त त्याला जागेवर कायम करते. ढिलाई झाकण्यासाठी पाचरीचा आधार घेतला तर ती काही दिवसच पुरते.

दांड्याचे टोक नेढ्याबाहेर चार-पाच मिलिमीटर वर राहू द्या. पाचर चिरेच्या पूर्ण लांबीची, कोरड्या लाकडाची आणि लांब उताराची घ्या. आखूड, जाड पाचर ठोकली की टोकाशी फुगते आणि तळाशी चीर रिकामीच राहते. वर राहिलेले टोक पाचरीने दोन्ही बाजूंना फाकते आणि पाते वरून सुटायला अडसर होतो, म्हणून ते लोखंडाच्या पातळीत कापून टाकू नका. तयार दांड्याबरोबर मिळणारी लोखंडी पाचर ही दुय्यम गोष्ट. लाकडी पाचर नीट बसली असेल तर तिची गरज पडतेच असे नाही, आणि पुढे दांडा काढताना ती डोकेदुखी होते. टिकावासारख्या अवजारांत दांडा वरून घालतात, त्याचे वरचे जाड टोक नेढ्यात अडकून राहते आणि प्रत्येक घावागणिक तो अधिक घट्ट बसतो. तिथे पाचरीचा प्रश्नच येत नाही, पण शिरेचे सगळे नियम तसेच लागू होतात.

पाचर ठोकण्याआधी एकदा दांडा तळाकडून डोळ्यासमोर धरून धारेकडे पाहा. धार दांड्याच्या मध्यरेषेत यायला हवी. जराशी डावी-उजवी झाली असेल तर नेढ्यात जाणाऱ्या भागाच्या एका बाजूने थोडे लाकूड उतरवून ती सरळ करता येते. पाचर गेल्यावर ती संधी जाते.

काम सुरू करण्याआधी दर वेळी पाते हाताने हलवून पाहावे, नेढ्याच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी नवी फट दिसते का पाहावे, आणि मानेवर नवी केसाएवढी चीर आली आहे का ते बोटाने चाचपावे. सुटलेले पाते समोरच्या माणसाच्या दिशेने उडू शकते. फट दिसली तर त्या दिवशी ती कुऱ्हाड वापरू नका.

आणखी एक. दांडा मोडल्यावर जो दांडा घ्यावा लागतो तो घाईत घेतलेला असतो, आणि जे समोर असेल ते घेतले जाते. त्यापेक्षा कधीही, कुठेही सरळ शिरेचा, जड, बिनरंगाचा दांडा दिसला की तो घेऊन ठेवा. दोन्ही टोकांना मेण किंवा तेल चोळा म्हणजे ती लवकर वाळून चिरणार नाहीत. भिंतीपासून सुटा, आडवा, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको. एकदा नीट वाळलेला चांगला दांडा कोरडा राहिला तर कितीही वर्षे थांबतो.